माझ्या मरणाची जुब्लेता

पहिला बर्फ पडला की मी मरायला घेते. अंथरूण धरते, पाद्रीबाबांना निरोप धाडते आणि तुळईला टांगलेली माझी जुब्लेता वाऱ्यावर घालायला लावते. लग्नात अंगावर चढली तीच लेवून मातीत जायचं, ही आमच्या डोंगरातल्या बायकांची रीत. काळ्या आणि रंगीत लोकरीच्या पट्ट्या जोडून शिवलेली ती घंटेसारखी घेरदार जुब्लेता माझ्यापेक्षा देखणी, असं माझा नवराही तोंडावर म्हणायचा. मग बर्फ वितळला की मी उठते आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते हुंगत गावभर हिंडते.

यंदा नात आली, दिला. "आजी, लग्नात मला तुझीच जुब्लेता हवी."

"आणि मी काय नायलॉनच्या झग्यात जाऊ? वर तुझे आजोबा ओळखतील का मला?"

"ओळखलं तर पळून जातील भावजी," चुलीपाशी बसलेली माझी धाकटी जाऊ पाश्के म्हणाली. "आणि जाऊबाई, ती तुम्हाला होते तरी का? मागच्या खेपेला नुसती शिंकलात तर खांद्याचा पट्टा तुटला!"

ही बया खरं बोलते तेव्हाच मला तिचा जास्त राग येतो.

"जुनी मला दे," दिला म्हणाली. "तुझ्यासाठी मी नवी करते. लग्नाआधी तुझ्या हातात देईन."

तिनं माग मांडला. म्हातारीची म्हणून निव्वळ काळी लोकर. मी शेजारी ठाण मांडून बसले. ही पट्टी सैल, ती शिवण वाकडी, उसव पोरी! अर्धवट जुब्लेतेत कुणी पुरत नाही, एवढं मला कळत होतं.

"मरायची घाई होती ना?" पाश्केनं डोळे बारीक केले.

"आहेच. पण वाकड्या शिवणीत नाही जायची मी!"

पोरगी निमूट उसवत, शिवत राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवी जुब्लेता माझ्या मांडीवर आली. शिवण अशी सरळ, की खोड काढायला मला चष्मा मागावा लागला. अंगावर चढवली, तर कमरेशी चार बोटं कमी.

"चुकलीस गं, दिले!"

"चुकले नाही, आजी. बारीक झालीस की बरोबर बसेल. तोवर मरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती माझी घंटा डोलवत नवऱ्याच्या घरी गेली. माझे डोळे भरून आले, आणि पाश्केला मी चुलीचा धूर दाखवला. चूल विझलेली होती.

तेव्हापासून मक्याच्या भाकरीवर मी लोण्याचा दुप्पट गोळा घेते.