अरबी कॅसेटवरची आरती

रस्त्यात कॅसेटची तपकिरी फीत लोळताना दिसली आणि ब्याऐंशी सालचा कतारमधला, दोह्यातला गणपती आठवला. बिन महमूद भागातल्या साहेबांच्या फ्लॅटमध्ये धुपाचा वास, एसीची घरघर. साहेबांनी कंपनीच्या गाडीत सापडलेल्या कॅसेटवर नुकतीच आरती रेकॉर्ड केली होती. तेवढ्यात त्या गाडीचा लेबनॉनी ड्रायव्हर ती कॅसेट मागायला आला. बाँबहल्ल्यात त्याचं खेडं आणि आई, दोन्ही गेली होती. तिनं पाठवलेला शेवटचा निरोप त्या कॅसेटवर होता. “साब, उसमें मेरी माँ है.” “अरे, कल दो नया देगा, खलास!” मग आमच्याकडे वळून साहेब हसले, “नुसती अरबी बडबड होती हो!” बाँबमधून वाचलेला आवाज या भक्तानं टाळ्यांच्या तालावर पुसला होता. त्या कृत्याची आजही किळस येते. पण युद्धाविरुद्धची पत्रकं वाटत मोठा झालेला मी तेव्हा साहेबांसमोर प्रसादाला हात पुढे करून उभा राहिलो.