वर अडलेली रेघ

आरएनए हा आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात नाजूक ऐवज. उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी त्याचे तुकडे होतात. मी तर हातमोज्यानंच कपाळाचा घाम पुसून तीन प्रयोग घालवले होते.

आज माझ्या मार्गदर्शक सुषमाताईंनी चौथ्या प्रयोगाचा फोटो उजेडात धरला. नुसता आरएनए जेलच्या लिबलिबीत थरातून विजेच्या ओढीनं धावत तळाशी गेला होता. उंदराच्या यकृतातलं प्रथिन ज्यात मिसळलं, तो मात्र जड होऊन वरच अडला होता, एका काळ्या रेघेसारखा.

"धरलंय त्यानं," ताई म्हणाल्या.

त्या आरएनएत लोह साठवणारी भांडी घडवायचा निरोप असतो. पेशीत लोह कमी असलं, की हे प्रथिन तो निरोप धरून ठेवतं. लोह आलं, की सोडतं.

आमच्या घरी पुऱ्या लाटून तयार असायच्या, तेल तापलेलं असायचं, पण पाहुणे पानावर बसेपर्यंत आई एकही पुरी कढईत सोडू द्यायची नाही. आम्ही तिला हट्टी म्हणायचो. तोच हट्ट उंदरापासून माणसापर्यंत प्रत्येकाच्या पेशीत आहे, आणि त्याची काळी रेघ आज त्या फोटोत माझ्यासमोर होती.

मी आईला फोन केला. "पुऱ्यांचं तुझं बरोबर होतं."

"ते मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "तुला कळायला एवढं शिकावं लागलं?"