न केलेली हक्कसोड

वडिलांच्या तेराव्याची पंगत उठली आणि सुपारी कातरता कातरता काकांनी विषय काढला, "आता मुलीनं हक्कसोड करून टाकावी." आमच्याकडे रिवाजच तो. बहिणीनं माहेरच्या जागेतला वाटा भावाला सोडायचा आणि भाऊबीजेला साडी घेऊन गप्प बसायचं. आईनं मान डोलावली. मीही तयार होते. हिंजवडीतल्या नोकरीत माझं बरं चाललं होतं.

"तिनं सही करायची नाही," दादा म्हणाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दादा कॉम्प्युटर जोडून विकायचा. बाहेरच्या कंपन्यांचा स्वस्त माल आला आणि त्याचा धंदा बसला. तेव्हापासून दर महिन्याला तो मला नवी थाप मारून पैसे नेत होता. असा माणूस शनिवार पेठेतल्या फ्लॅटचा वाटा नको म्हणतो? नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "जागा कुणाकडे गहाण टाकलीस?"

"कोर्टानं मला नादार ठरवलंय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "माझ्या नावावर जे येईल ते विकून लोकांची देणी फेडणार. तू वाटा सोडलास तर तोही त्यातच जाईल. मग आईनं कुठं राहायचं? पण तिला यातलं काही सांगू नकोस. आत्ता नको."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले.

"बंधू खरं बोललेत," ते म्हणाले. "त्याचं एवढं आश्चर्य का वाटतंय आपल्याला?"

जागेचे वारस आम्ही तिघं. दादाचा वाटा विक्रीला निघाला तेव्हा मी कर्ज काढून तो घेतला, आणि आई त्याच घरात राहिली. तिला मात्र एवढंच दिसलं की लेकीनं भावाला नागवलं. "आता तरी तिला सांग," असं मी दादाला किती वेळा म्हटलं. "सांगतो की," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

पुढच्या एका भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. त्यानं तबकात शंभराची नोट ठेवली, तसा आईनं त्याचा हात धरला.

"राहू दे रे. तिनं घेतलंय सगळं."

मी दादाकडे बघत राहिले. आता तरी बोलेल.

त्यानं नोट उचलली आणि खिशात ठेवली.