आडनावाभोवतीचा लाल गोल

माझ्या आडनावाभोवती लाल गोल होता. शेजारी लिहिलेलं, "हे नाव काढा. आमचा फराळ सोवळ्यातला आहे. खाली हे आडनाव बघून गिऱ्हाईक काय म्हणेल?"

लातूरच्या आमच्या ऑफिसात वेबसाइटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून गिऱ्हाइकाला लिंक पाठवतात. तो पानावरच खुणा करतो, काय पाहिजे ते लिहितो. बदल केला की आपण 'झालं' दाबायचं, खूण मिटते. फराळवाल्या शेठनं लई खुणा केल्या होत्या. लाडवाचा फोटो मोठा करा, रंग गडद करा. शेवटची खूण माझ्या आडनावावर. लिंक सगळ्यांकडं होती. बाकीच्या पाचही जणांनी वाचलं, अन् एकानंबी मान वर केली न्हाई.

आडनावावरून आमच्याकडं वस्ती कळते, वस्तीवरून जात. कंधारहून आले तेव्हा खोली घेताना घरमालकिणीला मी नुसतं नाव सांगितलं होतं, आडनाव गिळलं होतं. आता नोकरी जाणार, बोभाटा खोलीपर्यंत जाणार, बाप म्हणणार परत ये. लई भ्याले.

ऑफिसचे मालक, आमचे सर, जवळ आले. हळूच म्हणाले, "एक आडनावच तर हाय. काढ अन् 'झालं' दाब. कशाला वाढवायलीस?"

जो पान बनवील त्याचं पूर्ण नाव खाली, हा नियम सरांचाच. तरी मी खोडलं. खरंच खोडलं. खाली नुसतं नाव उरलं, घरमालकिणीला सांगितलं होतं तेवढंच. ते बघितलं अन् अंगाची लाही झाली. हे तर मी आधीच केलं होतं, कुणी न सांगता!

आडनाव परत टाकलं. लाल गोलाखाली उत्तर लिहिलं, "पान मी बनवलंय. फोटोसाठी तुमचे लाडू ताटात मीच रचले होते, या हातांनी. नाव पूर्ण राहील."

सर ओरडले, "अगं, पुस ते! शेठ बघतील!"

"बघू द्या." माझा आवाज चिरकला. "काढायचं तर सगळ्यांची आडनावं काढा, सगळ्या पानांवरून."

भीती गेली न्हाई, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी घरमालकिणीच्या दारातून दोनदा मागं फिरले, तिसऱ्यांदा कडी वाजवली. "काकू, माझं पूर्ण नाव सांगायचं राहिलंय," म्हणाले, अन् सांगितलं. उद्या खोली सोडा म्हणल्या तर सोडीन.

तो लाल गोल अजून तसाच हाय. 'झालं' मी दाबणार न्हाई.