जिथे दव पडलं नव्हतं

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळे तिला भागूबाई म्हणायचे, भित्री भागूबाईतली. तिलाही त्याचा राग यायचा नाही. भीती वाटते हे खरंच होतं, मग नाकारायचं कशाला?

ती नऊ वर्षांची असताना कोळशाच्या खाणीचं छत बसलं आणि वडील वर आलेच नाहीत. तेव्हापासून पायाखालच्या जमिनीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पुढे खाण बंद पडली. उपसलेल्या दगडमातीचे डोंगर सपाट करून त्यावर गवत, झुडपं, झाडं लावायचं काम निघालं. पोटासाठी तीही गेली. सहा वर्षं ती रोपवाटिकेत पिशव्या भरत होती. तिथली फरशी सिमेंटची होती, ते तिला फार बरं वाटायचं. सातव्या वर्षी माणसं कमी पडली आणि तिला उतारावर लागवडीला धाडलं.

पहिल्या दिवसापासून ती हातात पहार घेऊन चालायची. पाऊल टाकायच्या आधी जमीन ठोकायची. ठण्ण वाजलं की पाय पुढे. सगळ्यांत जास्त हसायची ती तिची नणंद. नणंद म्हणजे धडधाकट, बिनधास्त बाई. रोपांचा क्रेट डोक्यावर घेऊन उतार धावत चढणारी.

"वहिनी, अशी ठोकत बसलीस तर जंगल उभं राहायला तुझी नातवंडं म्हातारी व्हायची!"

"होऊ देत म्हातारी, वन्सं. तेवढी जगू तर देत."

हिवाळा सरत आला होता तेव्हाची एक सकाळ. सूर्य अजून टेकडीमागेच होता. तीन वर्षांपूर्वी पेरलेल्या गवतावर दव इतकं पडलं होतं की साडीचा काठ भिजून जड झाला. चालता चालता भागूबाई थबकली. समोर खोलीएवढा एक तुकडा कोरडा ठणठणीत होता. तिथलं गवत पिवळं पडलं होतं. कडेला टिटवीची चार अंडी उघडी पडलेली, आणि टिटवी लांबच्या दगडावरून नुसती ओरडत होती, अंड्यांकडे येत नव्हती.

भागूबाईनं वाकून जमिनीवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. माती कोमट होती, तापातल्या माणसाच्या कपाळासारखी.

पहार लांब धरून तिनं कडेला ठोकलं. आवाज आला, धब्ब.

मुकादम खाली पाण्याच्या टाकीजवळ होता. ती धापा टाकत त्याच्यापुढे उभी राहिली.

"साहेब, वरची जमीन गरम आहे. आतून पोकळ वाजतेय."

"ऊन पडलं असेल गं."

"ऊन अजून आलंच नाहीये, साहेब."

त्यानं वर पाहिलं, मग हात झटकला. "तपासणीवाले परवा येतायत. आज तो उतार पुरा झालाच पाहिजे. तुझ्या भीतीपायी काम थांबवू काय?"

ती परत वर आली तेव्हा बायका ओळीची दोरी ताणत होत्या. दोरी त्या कोरड्या तुकड्यावरूनच जात होती. भागूबाईनं दोरीला हात घातला. कसंबसं ती म्हणाली, "तिथे नको. पाया पडते, तिथे नको."

"आता मात्र कमाल झाली," नणंद म्हणाली. "थांब, तुझी भीतीच घालवते." आणि क्रेट खाली ठेवून ती चालत गेली, एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला जमीन फुटली.

आवाज मोठा नव्हता. पापड मोडल्यासारखा. नणंदेचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला, भोकातून पांढरी वाफ उसळली आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मग तिची किंकाळी आली.

भागूबाई पळाली. हे तिनं नंतर कुणापासून लपवलं नाही. दहा-बारा पावलं ती उलट्या दिशेनं, जीव घेऊन पळाली. मग मागून हाक आली, "वहिनी!" त्या आवाजात बिनधास्तपणाचा मागमूस नव्हता. ती थांबली. बाकीच्या बायका जागच्या जागी थिजल्या होत्या. जमीन कुठे घट्ट आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"दोरी द्या! कुणी पुढे येऊ नका!"

पहार ठोकत ती कडेपर्यंत आली. पुढे रिकामे क्रेट उलटे टाकले, त्यावर पोटावर आडवी झाली आणि इंचाइंचानं सरकू लागली. पोटाला ऊब लागत होती. खाली काय आहे, किती खोल आहे, कुणास ठाऊक. ती मोठ्यानं रडत होती आणि सरकत होती. दोरीचा फास नणंदेच्या काखेतून घातला तेव्हा गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

"ओढा!"

सहा बायकांनी ओढलं. नणंद बाहेर आली. पायाची कातडी गुडघ्यापर्यंत भाजली होती. ती बाहेर पडताच भोकाची कड ढासळली आणि नणंदेनं खाली ठेवलेला क्रेट रोपांसकट आत गेला. तो खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

जुन्या बोगद्यातला कोळसा आत धुमसत होता, असं नंतर आलेल्या अभियंत्यानं सांगितलं. तो भाग उकरून, विझवून, चिकणमातीनं दाबून भरायला पाच महिने लागले. तपासणी पुढे गेली. मुकादम दवाखान्यात येऊन खाली मान घालून बसला.

नणंद सव्वादोन महिने अंथरुणाला होती. एका दुपारी तिनं विचारलं, "आधी पळालीस ना गं?"

"पळाले."

"मीही पळाले असते," नणंद म्हणाली आणि तिचा हात धरून ठेवला.

आता भागूबाईचं काम वेगळं आहे. लागवडीआधी रोज सकाळी ती एकटी सगळा उतार फिरते, ठोकते, हात लावून बघते, शंका आली की लाल फडकं रोवते. आतापर्यंत तिची चार फडकी खरी ठरली. भीती कमी झाली असेल, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही.

परवाच झुडपांत तिला एक ताजं भोक दिसलं. अर्धा तास ती दहा पावलांवर बसून होती. मग पहार ठोकत जवळ गेली तेव्हा भोकाच्या तोंडाशी पडलेले काळेपांढरे काटे दिसले. साळिंदरानं बीळ केलं होतं. त्या जमिनीवरचं पहिलंच.

घरी सांगितलं तेव्हा नवरा हसला. "साळिंदराला घाबरलीस?"

"भोकाला घाबरले," ती म्हणाली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.