बारा मशीन आणि एक फोन

सुप्याजवळच्या आमच्या कॉलेजात फोनची लाइन एकच, तीही ऑफिसची. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी सांभाळायचो त्या कॉम्प्युटर लॅबमधल्या बाराही मशीनवर लिनक्स चढवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. सकाळीच ऑफिसच्या फोनची वायर काढून मी मोडेमला लावायचो आणि इंटरनेटवरून लिनक्सची पॅकेजेस, म्हणजे त्याचे प्रोग्रॅम, उतरवत बसायचो; तोवर ऑफिसचा फोन बंद. एका मशीनचं झालं की दुसऱ्यासाठी तीच पॅकेजेस, पुन्हा पहिल्यापासून. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. स्वतःला फार हुशार समजत होतो ना!

आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, दर तासाला दारात यायचे. "झालं का, सर?"

"मामा, घरी जायची घाई असेल तर लॅबची किल्ली ठेवून जा," मी खेकसायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आत येऊन उभेच राहिले. "सर, लेक काष्टीला सासरी हाय. दिवस भरलेत तिचे. जावई बूथवरनं हितंच फोन करनार हाय."

"मग जाऊन या की!"

"निरोप आल्याबिगर लेकीच्या सासरी कसं जायाचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडेमची वायर उपटली, ऑफिसात जाऊन फोन जोडला, आणि तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. मशीन आपसात जोडलेली होतीच. एकदा उतरलेलं सगळं पहिल्या मशीनवर साठवायचं आणि बाकीच्यांनी तिथून घ्यायचं. बाहेर फोन लावायचं कारणच नव्हतं.

मामा लॅबमध्ये स्टुलावर बसून बघत होते, त्यांनाही मी हे सांगितलं. "म्हंजे एकानं आनायचं, आन् बाकीच्यांनी त्याच्याकडनं घ्यायचं? आमच्या आळीत विरजन असंच फिरतं."

तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला. मामा धावले, मीही मागोमाग गेलो. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"लेक कशी हाय?" त्यांनी आधी हेच विचारलं. मग बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय." आणि मग हळूच, "परवा?"

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. "नात झाली, सर. परवाच. दोगी बऱ्या हायेत. जावई दोन दिस फोन लावतुया, लागतच नव्हता."

कुठे तोंड लपवावं ते मला कळेना. मामांनी टोपी नीट केली, पिशवी घेतली आणि निघता निघता माझा हात हातात घेतला.

"आज तुमच्यामुळं लागला बगा," ते म्हणाले.