लाडाचा भात

हिंदुराव हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा गडहिंग्लजला परतायचं ठरलं होतं. पण दिल्ली छावणीजवळ, सागरपूरच्या भाड्याच्या घराला गच्ची होती आणि गच्चीवर शेजाऱ्याने दिलेली कबुतरं. जाणं लांबत गेलं. "फौजेने सोडलं, तर कबुतरांनी धरलं," असं त्यांच्या पत्नी सुनयनाबाई म्हणत, आणि सकाळची बाजरी मात्र स्वतः निवडून देत.

पंधरा ऑगस्टच्या पतंगबाजीत मोतिया नावाच्या मादीचा पंख मांजाने चिरला. हिंदुरावांनी तिला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलं. गच्चीवरच्यांना बाजरी, ज्वारी, हरभरा. आजारी लेकीला असलं भरड कसं चालेल? नुकताच बहिणीने गावाहून तांदूळ पाठवला होता, गिरणीतून चांगला पॉलिश करून घेतलेला, मोगऱ्यासारखा पांढरा. महिनाभर मोतियाला तोच.

पंख भरून आला आणि एका सकाळी तिची मान उलटी वळली. डोकं पाठीला टेकलेलं, चोच छताकडे. उभी राहायला जाई आणि कलंडे. दाणा एकीकडे, चोच भलतीकडे.

शेजारी तिला बघून म्हणाला, "फौजीजी, लकवा है. बाकियों को भी लगेगा. आज ही निपटा दो."

हिंदुरावांनी टोपलीवर पंचा टाकला आणि रिक्षा बोलावली.

"माझ्या गुडघ्यासाठी कधी एवढी धावपळ केली नाहीत," रिक्षात सुनयनाबाई म्हणाल्या.

"तुझी मान सरळ आहे अजून."

जनावरांच्या दवाखान्यात पाटीवर मराठी आडनाव दिसलं, तसं बाईंनी थेट मराठीतच सुरू केलं. दिल्लीत वाढलेली डॉक्टर देवयानी हसली. मोतियाची मान तपासत तिने विचारलं, "खाते काय?"

"घरचा तांदूळ. एक नंबर!" हिंदुराव म्हणाले.

"फक्त तांदूळ?"

"आजारी आहे ना ती."

"काका, मला हा लागणारा रोग वाटत नाही. पॉलिश केलं की तांदळातलं बी-वन जीवनसत्त्व जातं. ते वरच्या त्या... छिलक्यात असतं ना?"

"कोंड्यात," सुनयनाबाई म्हणाल्या.

"बिल्कुल, कोंड्यात. भातातून साखर मिळते, पण बी-वन नसलं तर मेंदूला ती जाळून ताकद काढता येत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना ज्या रसायनांनी निरोप देतात, तीही बिघडतात. पोट भरलेलं, मेंदू उपाशी. मग मान कुठे ठेवायची, हेच कळेनासं होतं." तिने बी-वनची सुई भरली. "माझा अंदाज खरा असेल, तर संध्याकाळपर्यंत फरक दिसेल."

परतताना हिंदुराव टोपली मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे मीच केलं."

"लाड केलेत," बाई म्हणाल्या. "लाड करताना बरं-वाईट कोण विचारतंय?"

दुपारभर ते टोपलीपाशी बसून राहिले. चहा निवला. उन्हं भिंतीवरून उतरू लागली, तशी मोतियाची मान पाठीवरून सुटली, थरथरली, पुन्हा मागे गेली, आणि मग हळूहळू खाली आली. हिंदुरावांनी तळहातावर बाजरी धरली. पहिली चोच अंगठ्यावर बसली, दुसरी दाण्यावर.

"अगं, टिपला! सुनयना, टिपला तिने!"

"ऐकलं सगळ्या गल्लीने."

रात्री पानात बहिणीच्या तांदळाचा वाफाळता भात होता. हिंदुराव कालवायला लागले, तोच बाईंनी शेजारी बाजरीची भाकरी ठेवली.

"हे काय?"

"नुसत्या भातावर राहायचं नाही. मला रोज मान सरळ करत बसायला वेळ नाही."

टोपलीत मोतिया घुमली. हिंदुरावांनी मुकाट्याने भाकरीचा तुकडा मोडला.